सौर पॅनेलच्या आधीची कामे: मराठवाड्यातील उद्योग, इमारती आणि शाश्वततेचे धोरण

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा औद्योगिक वसाहतींत सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांकडे मोठ्या खरेदीदार कंपन्यांकडून आता एका वेगळ्या प्रकारची प्रश्नावली येऊ लागली आहे. दर, दर्जा आणि पुरवठ्याची मुदत यांच्याशी तिचा संबंध नसतो. वर्षभरात किती युनिट वीज वापरली, किती लिटर डिझेल जाळले, पाणी कोठून आणले, सांडपाण्याचे काय केले, असे प्रश्न तिच्यात असतात. ती भरून देण्याचे काम बहुधा हिशेबनिसाच्या गळ्यात पडते आणि तो बिचारा मिळतील तेवढी बिले शोधून उरलेल्या जागी अंदाजाचे आकडे लिहितो.

या प्रश्नावलीचे मूळ काही अंशी मुंबईत आणि काही अंशी युरोपात आहे. शेअर बाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सेबी’ने २०२१ मध्ये बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांसाठी व्यवसाय उत्तरदायित्व आणि शाश्वतता अहवालाचा नमुना ठरवून दिला आणि २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून तो सक्तीचा केला. मोठ्या कंपनीला स्वतःचा हिशेब देताना तिला माल पुरवणाऱ्यांचाही हिशेब लागतो, म्हणून ज्या लहान कारखान्याचा शेअर बाजाराशी काडीचाही संबंध नाही, त्याच्या टेबलावरही हा कागद येऊन पडतो. युरोपीय संघाने आयात मालाच्या कार्बन उत्सर्जनावर शुल्क आकारण्याची जी व्यवस्था आखली, तिचा केवळ माहिती देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि प्रत्यक्ष अंमलाचा टप्पा १ जानेवारी २०२६ पासून. लोखंड-पोलाद, अॅल्युमिनियम, सिमेंट आणि खते यांच्याबरोबर साधे नट-बोल्टही तिच्या यादीत आहेत, ही गोष्ट निर्यात करणाऱ्या लहान उद्योजकाच्या अनेकदा लक्षातच येत नाही.

शाश्वततेचे धोरण म्हणजे दर्शनी भागात लावायची चौकट नव्हे. काय मोजायचे, ते किती आणि कधीपर्यंत कमी करायचे, त्याची जबाबदारी कोणावर आणि त्याला लागणारा पैसा कोठून येणार, या चार प्रश्नांची लेखी उत्तरे म्हणजे धोरण. यांपैकी शेवटची दोन उत्तरे नसतील, तर पहिली दोन कितीही आकर्षक असली तरी तो केवळ संकल्प राहतो. माझ्या पाहण्यात अशी धोरणे फसतात ती हेतूत खोट असल्याने नव्हे, तर क्रम चुकल्याने. छतावरचे सौर पॅनेल रस्त्यावरून दिसते, त्याचे उद्घाटन करता येते, म्हणून ते आधी येते. पाइपातून सुटणारी हवा, तापलेला पत्रा, टाकीतून रात्रभर ओसंडणारे पाणी यांचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून ही कामे मागे पडतात. वास्तविक पैशाच्या आणि परिणामाच्या दृष्टीने ती पुढची आहेत.

आधी स्वतःची बिले वाचावीत

उत्सर्जनाचा हिशेब तीन कक्षांत मांडण्याची पद्धत जगभर रूढ आहे. आपल्या आवारात आपण स्वतः जे इंधन जाळतो, म्हणजे जनरेटरचे डिझेल, बॉयलरचा कोळसा, उपाहारगृहाचा गॅस, ते पहिल्या कक्षेत येते. आपण विकत घेतलेल्या विजेसाठी दूर कोठे तरी जे जळते, ते दुसऱ्या कक्षेत येते. कच्च्या मालापासून वाहतुकीपर्यंत आणि कामगारांच्या ये-जा करण्यापासून विकलेल्या वस्तूच्या वापरापर्यंत जे काही घडते, ते तिसऱ्या कक्षेत धरले जाते.

एक काल्पनिक पण नेहमीच्या आकाराचा कारखाना घेऊ. त्याची महिन्याची वीज ४०,००० युनिट आहे, जनरेटरला ३०० लिटर डिझेल लागते आणि तो महिन्याला ५० टन पोलाद कापून, दाबून, जोडून विकतो. भारताच्या ग्रिडमधील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर विजेचे उत्सर्जन महिन्याला २८ टन होते. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे २.७ किलो वायू निघतो, म्हणून जनरेटरचा वाटा जेमतेम ०.८ टन भरतो. जनरेटर धूर ओकतो आणि कानाला त्रास देतो, त्यामुळे पहिला दोष त्याच्याकडे जातो. पण हिशेबात वीज त्याच्या पस्तीसपट आहे. आता पोलाद पाहू. भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी दोन ते अडीच टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे ५० टनांमागे १०० ते १२५ टन. कापणीची आखणी सुधारून या कारखान्याने पत्र्याची नासाडी १२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणली, तर महिन्याला एक टन पोलाद वाचते. उत्सर्जनाच्या भाषेत ही बचत तीन ते साडेतीन हजार युनिट विजेइतकी आहे, आणि तिच्यासाठी छतावर काहीही बसवावे लागत नाही.

हेच पोलाद कोठून घेतले, यानेही आकडा बदलतो. जालन्यातील विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांत एक टन भंगार वितळवायला साधारण ५५० ते ६५० युनिट वीज लागते. खनिजापासून पोलाद करण्याच्या तुलनेत हे उत्सर्जन पुष्कळ कमी आहे. मात्र त्याच भट्टीत भंगाराऐवजी स्पंज आयर्न, म्हणजे कोळशाच्या साहाय्याने खनिजापासून केलेले कच्चे लोखंड, जास्त पडले, की हा फायदा आटू लागतो. जिथे तापलेला बिलेट, म्हणजे पोलादाचा ओतीव लांबट ठोकळा, थंड होऊ न देता थेट रोलिंगला जातो, तिथे तो पुन्हा तापवण्याचे इंधन वाचते. सळई किंवा पत्रा घेताना भंगाराचे प्रमाण विचारण्याची सवय आपल्याकडे नाही. ती लागली पाहिजे, कारण गिऱ्हाईक विचारत नाही तोवर विकणारा मोजत नाही.

आधारवर्षाबाबत मराठवाड्यात विशेष सावधगिरी लागते. ज्या वर्षाशी पुढच्या वर्षांची तुलना करायची ते आधारवर्ष दुष्काळाचे असेल, तर पाण्याचा वापर मुळातच दाबलेला असतो आणि पुढे केलेली खरी काटकसरही वाढ म्हणून दिसते. उलट उत्पादन मंदावलेल्या वर्षी काहीही न करता वीज कमी झालेली दिसते. त्यासाठी तीन वर्षांची सरासरी घ्यावी आणि एकूण वापराबरोबर दर टन मालामागचा वापरही नोंदवावा.

मराठवाड्यात पाणी पहिले

शाश्वततेवरचे बहुतेक मार्गदर्शन कार्बनपासून सुरू होते, कारण ते जिथे लिहिले जाते तिथे नळाला पाणी असते. आपल्याकडे क्रम उलटा लावावा, असे मला ठामपणे वाटते. वीज महाग झाली तर नफा घटतो. पाणी संपले तर काम थांबते.

२०१६ चा उन्हाळा आठवणाऱ्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले आणि पहिल्या फेरीत ते पाच लाख लिटर होते. त्याच उन्हाळ्यात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात ६० टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा आदेश दिला आणि इतर उद्योगांनाही कपात सोसावी लागली. त्याआधी २०१३ आणि २०१५ मध्ये परळीचे औष्णिक वीज केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते. कोळशावरच्या विजेलाही पाणी लागते, म्हणजे पाणी आणि वीज हे दोन स्वतंत्र धोके नाहीत, ते एकाच वर्षी एकत्र येऊ शकतात. छत्रपती संभाजीनगरचे शहर आणि तिथल्या औद्योगिक वसाहती दोन्ही पैठणच्या जायकवाडीवर विसंबून आहेत. या धरणाची उपयुक्त साठवण क्षमता २१७१ दशलक्ष घनमीटर असली, तरी ते किती भरणार हे वरच्या नाशिक-अहिल्यानगरच्या पावसावर आणि वरची धरणे किती पाणी सोडतात यावर ठरते. कारखान्याच्या धोरणात जोखमीचे एक पान असते, त्यावर पहिली ओळ ही असावी.

छताच्या पाण्याचे गणित सोपे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. २००० चौरस मीटरचा पत्रा, वर्षाचा ७०० मिलिमीटर पाऊस आणि पाचवा भाग वाया गेला असे धरले, तरी ११ लाख २० हजार लिटर पाणी हाती येते, म्हणजे दहा हजार लिटरचे ११२ टँकर. कारखान्यात माणशी रोज ४५ लिटर हे नियोजनाचे नेहमीचे प्रमाण धरले, तर २०० माणसांना रोज ९००० लिटर लागतात आणि हे पाणी चार महिन्यांना पुरते. पण हा आकडा सांगून जे थांबतात, ते अर्धेच सांगतात. पाऊस जून ते सप्टेंबर या काळात आणि त्यातही मोजक्या दिवसांत पडतो, टंचाई एप्रिल-मे महिन्यांत येते, आणि तोपर्यंत ११ लाख लिटर साठवायची टाकी बांधणे बहुतेकांना परवडत नाही. म्हणून व्यवहार्य मार्ग मिश्र असतो: लाख-दीड लाख लिटरची टाकी, जी पावसाळ्यात वारंवार भरते आणि रिकामी होते आणि त्या महिन्यांचे विकतचे पाणी वाचवते, आणि उरलेले पाणी गाळून जमिनीत. जमिनीतही ते सहज जिरत नाही. आपल्याखालचा बेसॉल्ट कठीण आहे, त्यात पाणी राहते ते झिजलेल्या थरांत आणि भेगांत, त्यामुळे खड्डा कोठे घ्यावा हे भूजलतज्ज्ञाला विचारूनच ठरवावे. आणि जिरवायचे ते केवळ छताचे स्वच्छ पाणी. तेल सांडलेल्या किंवा रसायने ठेवलेल्या आवाराचे पाणी बोअरमध्ये सोडणे हा शेजारच्या गावच्या विहिरींवर केलेला अन्याय ठरेल.

पाणी उताराने आणणे आणि त्याच पाण्याकडून दुसरे काम करून घेणे ही कला छत्रपती संभाजीनगरला नवी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी येथे भूमिगत नहर आणली, जी कोणत्याही पंपाशिवाय केवळ उतारावर वाहत होती. पाणचक्कीत नहरीच्या पाण्याने जाते फिरे, आणि तिथल्या हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत असल्याने ते दालन उन्हाळ्यातही थंड राहते. एका पाण्याकडून दळण आणि गारवा ही दोन कामे घेणारी ती वास्तू आजच्या रचनाकारांनी सहलीपेक्षा अधिक गांभीर्याने पाहायला हवी.

इमारत: उष्णता आत येण्याचा हिशेब

मे महिन्याच्या दुपारी उघड्या पत्र्याचे तापमान ६० अंशांच्या पुढे जाते आणि त्याखाली काम करणारा माणूस वस्तुतः एका मोठ्या तापलेल्या तव्याखाली उभा असतो. अशा शेडमध्ये मोठे पंखे लावले की तीच गरम हवा जोराने फिरते. खर्चाच्या दृष्टीने पहिले काम म्हणजे पत्र्यावर सूर्यकिरण परतवणारा पांढरा लेप, दुसरे म्हणजे आढ्यावरून गरम हवा बाहेर जाण्याची सोय, आणि तिसरे, पैसे असतील तर, पत्र्याखाली उष्णतारोधक थर. काँक्रीटच्या स्लॅबवर चुन्याची सफेदीही चांगले काम करते, मात्र ती पावसात धुऊन जाते आणि दर उन्हाळ्याआधी पुन्हा द्यावी लागते. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून सावली करणे चांगले, कारण काचेतून आत आलेली उष्णता पडद्याला अडवता येत नाही.

वातानुकूलन यंत्राच्या बाबतीत ऊर्जा दक्षता ब्युरोचा साधा हिशेब असा, की तापमान एक अंशाने वाढवून ठेवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून नव्या खोली-एसींमध्ये २४ अंश हे मूळ तापमान ठरवून दिलेले असते. आपल्या साहेबांच्या खोलीत ते १८ वर कसे जाते, हा तांत्रिक प्रश्न नाही.

कूलरचा विषय मात्र खरोखर गुंतागुंतीचा आहे. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो आणि एसीच्या मानाने फार थोडी वीज घेतो. पण तो गारवा देतो तो पाणी उडवून. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता शोषली जाते, तेवढी काढायला एसीला ढोबळमानाने युनिटचा पाचवा भाग वीज लागली असती. म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर कूलरमधून उडवला, तर सुमारे दोन हजार युनिट वीज वाचते. टँकरचा दर आणि विजेचा दर समोरासमोर ठेवले तर कूलर सहज जिंकतो. तरीही हे दर टंचाईचे खरे मोल सांगत नाहीत, कारण ज्या आठवड्यात टँकरच मिळत नाही, त्या आठवड्यात पाण्याला दर नसतो, केवळ अभाव असतो. माझे मत असे, की चांगल्या पावसानंतरच्या उन्हाळ्यात कूलर आणि टंचाईच्या उन्हाळ्यात मोजके एसी व पंखे, असा पर्याय इमारतीत आधीपासून असावा. सांडपाणी शुद्ध करून ते कूलरमध्ये वापरण्याची कल्पना कोणी मांडली, तर ती नाकारावी. त्या पाण्याचे तुषार माणसे श्वासावाटे आत घेतात. शुद्ध केलेले सांडपाणी बाग, फ्लश आणि फरशी धुणे यांच्या कामाचे.

यंत्रांच्या बाजूला सर्वांत मोठी आणि सर्वांत दुर्लक्षित गळती दाबाच्या हवेची असते. देखभाल ढिली असलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेचा पाचवा ते चौथा भाग पाइपांच्या सांध्यांतून निघून जातो. ती मोजायला कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. साप्ताहिक सुटीच्या दिवशी सगळी यंत्रे बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू करावा आणि घड्याळ लावून तो किती वेळ लोडवर, म्हणजे हवा भरत, राहतो आणि किती वेळ अनलोडवर, म्हणजे नुसता फिरत, हे लिहावे. हवा वापरणारे कोणी नसताना तो ज्या प्रमाणात लोडवर जातो, तेवढी गळती. ३७ किलोवॅटच्या, म्हणजे ५० अश्वशक्तीच्या कॉम्प्रेसरची चौथा भाग हवा गळत असेल आणि तो दिवसाला २० तास, महिन्याला २६ दिवस चालत असेल, तर महिन्याला साडेचार हजारांहून अधिक युनिट हवेत जातात. एक फिटर, साबणाचे पाणी आणि नवे सांधे एवढ्यावर त्यातील बराच भाग परत मिळतो.

वीजबिलात पाहण्यासारखे आणखी दोन रकाने आहेत. उच्चदाब ग्राहकांना महावितरण २०२० पासून केव्हीएएच या, कामी न येणारी वीजही मोजणाऱ्या एककात आकारणी करते, त्यामुळे पॉवर फॅक्टर, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणारा भाग, खालावला की तेवढ्याच कामाला जास्त युनिट मोजावे लागतात. कपॅसिटर बँकेतील जळालेले कपॅसिटर वर्षभर कोणी बदलत नसेल, तर तो खर्च बिलात निमूटपणे भरला जातो. दुसरा रकाना मागणी आकाराचा. सर्व मोटारी सकाळी एकाच वेळी सुरू केल्या की महिन्यातल्या त्या थोड्या वेळाची मागणी उरलेला सारा महिना बिलावर बसते.

आता सौर पॅनेल. एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि वर्षाला त्यातून सुमारे १४०० युनिट मिळतात. २००० चौरस मीटर छतावरची निम्मी जागा वापरता आली तर १०० किलोवॅट बसतात आणि महिन्याला सरासरी ११ ते १२ हजार युनिट येतात. आपल्या उदाहरणातील ४०,००० युनिटांपैकी हा चौथ्या भागाहून थोडा अधिक वाटा झाला. गळती आणि उष्णता आवरून गरज ३२,००० वर आणली, तर तेच पॅनेल तिसऱ्या भागाहून अधिक गरज भागवते. आधी पॅनेल बसवून नंतर गळती काढण्यात मोठे नुकसान नाही, पण प्रत्यक्षात पॅनेल बसले की उत्साह आणि अंदाजपत्रक दोन्ही संपतात. आपल्याकडे ऊन भरपूर असले तरी तापलेल्या पॅनेलची क्षमता २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के घटते, म्हणून मे महिन्यात विक्रमी वीज मिळेल ही अपेक्षा धरू नये. आणि धूळ पुसायलाही पाणी लागतेच. कोरडे ब्रश वापरण्याची अट देखभालीच्या करारात लिहून घ्यावी.

वजनाचा प्रश्न

येथे मराठवाड्याला एक स्मरण ठेवावे लागते. जुन्या माळवदाच्या घरांची जाड दगडी भिंत आणि छतावरचा मातीचा थर उन्हाळ्यात आतला गारवा राखत असे, आणि ‘पारंपरिक वास्तू पर्यावरणपूरक’ असे सांगताना हे उदाहरण नेहमी दिले जाते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात याच घरांनी हजारो जीव घेतले. मातीत रचलेल्या भिंतींना आडवी बांधणी नव्हती, त्या फुटल्या आणि वरचे जड माळवद खाली आले. त्यामुळे इमारत थंड राहते एवढ्यावर तिला चांगली म्हणता येत नाही.

आजच्या इमारतींना हा धडा वेगळ्या रूपात लागू होतो. जुन्या स्लॅबवर गच्चीबाग, जादा पाण्याच्या टाक्या आणि पॅनेलला वाऱ्यापासून धरून ठेवणारे काँक्रीटचे ठोकळे असे ओझे एकेक करून चढत जाते आणि त्याचा एकत्र हिशेब कोणी करत नाही. पत्र्याच्या शेडवर प्रश्न ओझ्याइतकाच वादळी वाऱ्याचाही असतो, कारण वारा पॅनेलला वर उचलू पाहतो. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांवर तर माणसाने पायही देऊ नये. पॅनेल २५ वर्षे टिकणार असेल आणि पत्रा दहा वर्षांत गंजणार असेल, तर आधी पत्रा बदलणे हेच स्वस्त पडते. संरचना अभियंत्याचा लेखी दाखला घेतल्याशिवाय यातले काहीही करू नये.

भाड्याच्या जागेत अडते कोठे

लातूरच्या शिकवण्या आणि वसतिगृहे, नांदेडची रुग्णालये, परभणीतील बँकांच्या शाखा, जालन्यातील गोदामे यांतील बराच व्यवहार भाड्याच्या जागेत चालतो. येथे अडचण पैशाची नसून पैसा कोणाचा याची असते. छताला लेप देण्याचा खर्च मालकाने करायचा आणि वीजबिलातील बचत भाडेकरूला मिळायची, म्हणून मालक हात आखडता घेतो. भाडेकरूने करावा तर तीन वर्षांनी जागा सोडायची असते. मोठमोठ्या धोरणांवर चर्चा होते आणि काम मात्र या साध्या गाठीपाशी थांबते. ती सोडवायची जागा भाडेकरार ही आहे: प्रत्येक भाडेकरूला स्वतंत्र वीज आणि पाणी मीटर, छप्पर वापरण्याचा हक्क कोणाचा याचा स्पष्ट उल्लेख, सुधारणेचा खर्च मालकाने केला तर बचतीतून ठरावीक वर्षे त्याला मिळणारा वाटा, आणि भाडेकरूने केला तर मुदतीआधी जागा सोडताना उरलेल्या रकमेचा परतावा. वकिलाला यासाठी फार तर एक पान अधिक लिहावे लागते.

प्रमाणपत्रे आणि दावे

हरित इमारतीचे प्रमाणपत्र देणाऱ्या पद्धतींपैकी आयजीबीसी, गृह आणि लीड ही नावे आपल्याकडे ऐकू येतात, तर वापरात असलेल्या कार्यालयांना ऊर्जा दक्षता ब्युरो तारांकन देते. यातला भेद लक्षात ठेवावा. काही प्रमाणपत्रे आराखड्यावर मिळतात, तारांकन मात्र प्रत्यक्ष वापरलेल्या विजेवर, म्हणजे वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट लागले यावर मिळते. आराखड्यात उत्तम ठरलेली इमारत चालवणाऱ्याच्या हयगयीने उधळी होऊ शकते. १००० चौरस मीटरचे कार्यालय वर्षाला एक लाख वीस हजार युनिट वापरत असेल, तर त्याचा आकडा १२० येतो; हा भागाकार करायला कोणत्याही संस्थेची परवानगी लागत नाही आणि दोन शाखांची तुलना त्यावर लगेच करता येते.

जाहिरातीत ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द वापरताना आता जपावे लागेल, कारण फसव्या हरित दाव्यांविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली असून दाव्यामागे पुरावा असणे अपेक्षित आहे. वनमहोत्सवात लावलेल्या रोपांची संख्या सांगण्याऐवजी पुढच्या मे अखेरीस जगलेल्या झाडांची संख्या सांगावी, एवढा नियम पाळला तरी बरेच फलक छोटे होतील.

नवे बांधकाम करणाऱ्यांसाठी

ऑरिक या नव्या औद्योगिक नगरीच्या शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात किंवा अन्यत्र नवी इमारत उभारणाऱ्याला जुन्यांना नसलेली एक संधी असते. इमारतीच्या लांब भिंतींची तोंडे उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे ठेवली, की सकाळ-संध्याकाळचे आडवे ऊन तिच्या अरुंद भिंतींवर पडते. उत्तरेकडून प्रकाश घेणारे छत दिवसा दिव्यांची गरज बरीच घटवते. परळीच्या राखेपासून केलेल्या विटा किंवा पोकळ, हलके ब्लॉक वापरले तर सुपीक माती भट्टीत जात नाही. काळ्या जमिनीत पायाचा खर्च मुळातच अधिक येतो, म्हणून वरच्या भिंती हलक्या असणे दोन्ही अर्थांनी फायद्याचे. मोठ्या व्यापारी इमारती नजरेसमोर ठेवून केंद्राने ऊर्जा संवर्धन इमारत संहिता २००७ मध्ये आणली, २०१७ मध्ये १०० किलोवॅट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणी आणि त्याहून मोठ्या इमारतींसाठी ती सुधारली आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीने तिला शाश्वततेची जोड दिली. आपली इमारत त्याहून लहान असली तरी तिच्यातील भिंत, छत आणि काचेचे निकष वास्तुविशारदाला आधीच दाखवावेत. पाणी आणि सांडपाण्याच्या नळांच्या दोन वेगळ्या ओळी, छताच्या पन्हळींचा एकाच टाकीकडे उतार, प्रत्येक विभागाला स्वतंत्र मीटरची जागा आणि पुढे पॅनेल बसवायची झाल्यास लागणारी छताची ताकद या गोष्टी नकाशावर असताना जवळजवळ फुकट असतात. प्लॉटचा नकाशा मंजुरीला जाण्यापूर्वी विद्युत अभियंता, संरचना अभियंता आणि प्लंबिंगचा आराखडा करणारा यांना वास्तुविशारदाबरोबर एका टेबलावर बसवावे. मंजुरीनंतर बसवले तर त्यांच्या हाती फक्त भिंती फोडायचे काम उरते.